कोंबडीची कोशिंबीर

वैजीनाथ सहा वर्षांपासून मेलेला होता. त्यामुळं बाप गेल्याची बातमी त्याला कुणी द्यायची, हा गावाकडं जरा पेचाचाच प्रश्न झाला असणार. शेवटी व्यंकटी आला. व्यंकटी भावकीतला नव्हता, कुणाचा सालगडीही नव्हता. कुणाचंही काम निघालं की पायात चपला सरकवून चालू लागणारा, असा एक माणूस प्रत्येक गावात असतो, तो होता. बुधवारी ऊन उतरायच्या सुमाराला तो परभणीच्या त्या गल्लीत विचारत विचारत आला, ओट्यावर बसला, तांब्याभर पाणी घटाघटा प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "किशनराव गेले. काल दुपारी. सांजच्याला माती झाली." वैजीनाथ म्हणाला, "बरं." असं म्हणायचं नसतं हे म्हटल्यावर त्याच्या ध्यानात आलं, पण ऑफिसात दिवसभर कुणी काहीही सांगितलं तरी बरं म्हणायची जिभेला सवय लागलेली. व्यंकटीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो म्हणाला, "तुजी माय म्हनली, निस्तं कळवून ये." "मला ये म्हणाली का?" "न्हाई." "मग नको येऊ म्हणाली?" "तसंबी न्हाई बाबा. कळवून ये म्हनली, म्या कळवलं." "अन् दिनकर?" दिनकर म्हणजे थोरला भाऊ. व्यंकटीनं चपलेतला खडा काढून बघितला, मोठा आहे की बारका ते ठरवलं आणि फेकून दिला. "दिनकर म्हनला, मेलेल्याला कशाला कळवायलाव." मग उद्या सकाळी राख सावडायची आहे हेही त्यानं सांगितलं, पण वैजीनाथला नव्हे, समोरच्या विजेच्या खांबाला सांगितल्यासारखं. खांबानंही बरं म्हटलं असतं.

व्यंकटी पाथरीची गाडी धरायला निघून गेला आणि वैजीनाथ आत येऊन खाटेच्या कडेला बसला. खोली एकच. भिंतीकडच्या कोपऱ्यात फळी, फळीवर डबे, खाली स्टो. त्या स्टोकडं तो बघत राहिला, कारण सगळी गोम आता त्या पितळी स्टोमध्ये येऊन बसली होती. बाप मेल्याचं कळलं की कळलेल्या घटकेपासून सुतक. सुतक म्हणजे घरात विस्तव पेटत नाही. म्हणजे आज कुसुमनं स्टो पेटवला नाही, तर वैजीनाथ हा किशनरावांचा मुलगा. मग उद्या सकाळी त्याला गावात जाऊन, नदीच्या काठी, सगळ्या भावकीच्या देखत राखेपाशी उभं राहावं लागणार, आणि दिनकर त्याला तिथून हाताला धरून बाजूला काढणार की नाही, ते तिथंच कळणार. आणि पेटवला, तर तो कुणाचा कुणी नाही. गरम गरम जेवायचं, झोपायचं, उद्या ऑफिस. कुसुम उंबऱ्यात उभी राहून हेच विचारत होती. "मंग? पेटवू का नको?" "काय?" "स्टो. घासलेटाचा डबा हातात घेऊन उभी हाय मी कवाची." "तुला काय वाटतं?" "मला काय वाटायचंय? तुमचा बाप हाय. मी त्यान्ला बघितलंबी न्हाई." हे खरं होतं. कुसुम जिंतूरकडची. सासरा, सासू, दीर यांतलं एकही माणूस तिनं पाहिलं नव्हतं. तिच्या बापानं लग्न ठरवताना एवढंच विचारलं होतं, की पोराला सरकारी नोकरी आहे ती कायम आहे का. आणि पोरगाच कायम आहे का, असं कुणीतरी दबक्या आवाजात विचारल्यावर म्हणाला होता, मेलेला असला तरी पगार घेऊन येतो की.

कुणाच्या नावानं आंघोळ करणं, हे मराठवाड्यात रोज कुणी ना कुणी बोलतं. भाकरी करपली तरी बाया नवऱ्याच्या नावानं आंघोळ करतात. बोलतात आणि कामाला लागतात. किशनरावांचा स्वभाव असा, की बोलले ते केल्याशिवाय त्यांना घास गोड लागायचा नाही. ते पोलिसांच्या कोठडीतून सुटून आले, घरात शिरलेच नाहीत, सरळ विहिरीवर गेले आणि अंगावरच्या धोतरासकट त्यांनी वैजीनाथच्या नावानं आंघोळ केली. तिथं थांबले असते तर लोकांनी समजून घेतलं असतं. पण आंघोळ झाली म्हणजे पुढचंही आलं. न्हाव्याला बोलावलं. दहाव्याला नदीवर भाताचा पिंड ठेवला. आणि कावळा शिवेना. माणसं कडुनिंबाखाली बसून राहिली, ऊन डोक्यावर आलं, कावळे समोरच्या बाभळीवर बसून दुसऱ्याच कुठल्या गोष्टीचा निवाडा करत होते. कुणीतरी म्हणालं, मेलेल्याची काही इच्छा राहिली असंल, तिचं नाव घ्या. आता त्याची इच्छा काय होती हे कुणाला सांगता येईना, कारण मेलेला इसम त्या वेळी परभणीत स्टेशनासमोरच्या हॉटेलात भजी खात होता आणि त्याची इच्छा आणखी एक प्लेट भजी, एवढीच होती. शेवटी एका कुत्र्यानं येऊन पिंड खाल्ला. कुत्र्याचं चालतं का, यावर पाथरीच्या बाजारापर्यंत वाद झाला असं म्हणतात. वैजीनाथला हे सगळं आईच्या माहेरच्या एका माणसानं सांगितलं, आणि तेव्हा तो पोट धरून हसला, हसताना एकदम थांबला, आणि आपण कशाला थांबलो हे त्याला कळलं नाही. त्यानंतर त्याला नोकरी लागली, खोली मिळाली, लग्न झालं, रेशनकार्डावर नाव चढलं. एकंदरीत मेल्यावरच त्याचं बरं चाललं होतं.

"अन् ती कोंबडी?" कुसुमनं आवाज अगदी खाली आणून विचारलं. कोंबडीचं वैजीनाथच्या डोक्यातून गेलंच होतं. फळीवरच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, वर ताटली, ताटलीवर वरवंटा, अशी ती बसलेली होती. घरमालकीण सरजाबाई गळ्यात तुळशीची माळ घालणारी; खोली देताना तिनं भाड्याच्याही आधी सांगितलं होतं, माज्या घरात कोंबडं न्हाई, बकरं न्हाई, अंडंबी न्हाई; कुनी खाल्लेलं कळलं तर भांडी गल्लीत. पण सरजाबाई आज पहाटे लेकीकडं पिंगळीला गेली होती, आणि असा दिवस वर्षातून एखादा येतो. सकाळी वैजीनाथनं पिशवीत कोंबडी आणली, वर मेथीची जुडी ठेवून. कुसुमनं दार लावून ती हळद-मीठ टाकून शिजवली, वास मारायला उदबत्त्या लावल्या, कापूर जाळला, तेवढ्यानं भागेना म्हणून तव्यावर दोन मिरच्या करपवल्या, आणि शेवटी खोलीला एखाद्या देवळात मारामारी झाल्यासारखा वास यायला लागला. पाणी पाणी रस्सा सकाळी भाताबरोबर झाला. फोडी संध्याकाळी तेलावर परतायच्या होत्या. आता परतायच्या तर विस्तव हवा. विस्तव तर सुतक. आणि सुतक बाजूला ठेवलं तरी पलीकडं सरजाबाई आलेली. व्यंकटी ओट्यावरून उठला त्याच घडीला ती टांग्यातून उतरली होती, आणि व्यंकटीनं तिला सगळं सांगितलं होतं. तो कळवायलाच आला होता. जो भेटेल त्याला कळवत होता. "टाकून द्यावी म्हनलं तर कुत्रे हाडं ओढीत ओट्यावरच आनत्यात," कुसुम म्हणाली. "उद्याला ठेवली तर नासंल. अन् खरं सांगू का, मला लय भूक लागलीय." मग जरा थांबून, "तुमाला?" वैजीनाथनं पोटाची चौकशी केली. बाप मेलेला माणूस म्हणून तिथं काहीतरी वेगळं असायला हवं होतं. तिथं भूक होती.

तेव्हा त्याला औरंगाबादचं ते ताट आठवलं. ऑफिसनं एकदा ट्रेनिंगला पाठवलं होतं, शेवटच्या दिवशी मोठ्या हॉटेलात जेवण. एका काचेच्या भांड्यात गार कोंबडीचे धागे, काकडी, वर पांढरं काहीतरी. वैजीनाथला वाटलं आचारी मध्येच उठून गेला. त्यानं वाढप्याला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा, हे राहिलंय. वाढपी म्हणाला, साहेब, हे असंच असतंय, गारच खातेत, हे सॅलड हाय. वैजीनाथनं गारच खाल्लं, आणि रात्रभर त्याला आपण काहीतरी अर्धवट सोडून आलो असं वाटत राहिलं. ते आता उपयोगाला आलं. स्टो पेटवायचा नाही, म्हणजे सुतक पाळलं. जेवायचं, म्हणजे पाळलं नाही. वास नाही, धूर नाही, तेलाचा चर्र आवाज नाही. मुलगाही, आणि मुलगा नाहीही; ते उद्या सकाळी बघता येईल. "कोशिंबीर करू," तो म्हणाला. "कशाची?" "कोंबडीची." कुसुमनं त्याच्याकडं असं बघितलं, जणू बापाच्या जाण्याचा धक्का ह्याला शेवटी आता कुठं बसलाय. "फोडनी?" "फोडणी म्हणजे विस्तू. बिनफोडणीची." "कोंबडीची कोशिंबीर. बिनफोडनीची." तिनं एकदा म्हणून बघितलं, नाकातून हवा सोडली आणि कांदा पुढं सरकवला. "करा. सुतक तुमचं, सैपाक तुमी करा."

तो पाटावर बसला आणि पातेल्यावरून वरवंटा उचलला. गार कोंबडीला हात लावायचा त्याला अनुभव नव्हता. हळदीनं पिवळी झालेली, रस्सा आटून अंगाला चिकटलेली, हाताला कुणाच्यातरी कोपरासारखी लागत होती. बोटांनी मांस हाडापासून सोडवायचं आणि धागे धागे करायचे. धागे निघत होते. घरी कोंबडी व्हायची ती अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर, आतल्या चुलीवर नाही, आणि तिची भांडी वेगळी, ती वळचणीला टांगलेली. परातीत फोडी आल्या की वाटणी किशनराव करायचे, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एक तंगडी दिनकरला, दुसरी पाहुण्याला, पाहुणा नसला तर पाहुणा येईल म्हणून ठेवलेली, आणि काळीज वैजीनाथला. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही. स्वतः मानेचा तुकडा घ्यायचे आणि तो इतका वेळ चोखत बसायचे, की बाकीच्यांचं जेवण होऊन हात वाळून जायचे. जेवताना ते बोलत नसत. तसे एरवीही बोलत नसत. वैजीनाथनं पातेल्यात बोटं फिरवून बघितली. काळीज सकाळीच रश्श्यातून कुसुमला गेलं होतं. हे त्यानंच वाढलं होतं. आता धागे करताना त्याला ते कळलं, आणि अंगठा हाडाच्या टोकाला लागून किंचित सोलला.

भिंतीपलीकडं सरजाबाईच्या घरात भाकरी थापायचा आवाज सुरू झाला. थप थप थप, मग काठवट फिरवल्याचा घर्रर्र, मग पुन्हा थप थप. एकटी बाई, एवढ्या भाकरी कशाला थापते, असं वाटून गेलं. त्यानं कांदा चिरायला घेतला. कांदा जाडा भरडा निघायला लागला, तसा कुसुमनं विळीकडं बघितलं.

सहा वर्षांमागच्या त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावं पेटली तेव्हा वैजीनाथ कॉलेजला सुट्टी म्हणून घरी होता. माळवदावर झोपायचा. आरडाओरड ऐकून उठला तर खाली, ओढ्याच्या अंगाला, बौद्धवाड्यातली छपरं जळत होती. गवताची छपरं कशी जळतात ते त्यानं पहिल्यांदाच बघितलं. ती जळतात तेव्हा एखाद्या लग्नाला मांडव घातल्यासारखा उजेड पडतो आणि माणसं ओळखू येतात. त्यानं ओळखली. हातात टेंभे असलेली तिघंजणं ओळखली, आणि वळणावर, पिंपळाच्या अलीकडं, हातात बादली घेऊन उभा राहिलेला आपला बाप ओळखला. बाप पुढंही जात नव्हता आणि मागंही येत नव्हता. वैजीनाथ माळवदाच्या कठड्याला धरून उभा होता, आणि तोही तेच करत होता. दोन दिवसांनी पोलीस आले, सगळ्या गावाला चावडीपुढं बसवलं, आणि फौजदारानं विचारलं, कुणी काय बघितलं. गावानं काही बघितलं नव्हतं. गाव त्या रात्री इतकं गाढ झोपलेलं होतं, की जाळपोळ कुणी केली यापेक्षा ही झोप कशी लागली, याचाच तपास करायला हवा होता. वैजीनाथ उठून म्हणाला, मी बघितलं. तिघांची नावं घेतली. आणि मग, फौजदार आणखी विचारायच्या आत, आपणहूनच म्हणाला, माझे वडील होते तिथं, त्यांना विचारा, ते सांगतील. त्याला खरंच वाटत होतं की ते सांगतील. न बोलणारा माणूस खरंच बोलणार, अशी त्याची त्या वयातली समजूत होती. फौजदारानं विचारलं, तिथं होता ना? किशनराव म्हणाले, होतो. हातात काय होतं? किशनराव काही बोलले नाहीत. त्यांनी वैजीनाथकडं एकदा बघितलं. मग त्यांना गाडीत घातलं. पुढं साक्षीदार फिरले, केस कागदातल्या कागदात जिरली, चौघंही घरी आले. त्या चौघांत एकानंच आंघोळ केली.

काकडी न मिळाल्यामुळं कुसुमनं वाळूक आणलेलं होतं, तेच त्यानं सोलून चिरलं. बी कडू आहे का ते चाखून बघितलं. नव्हतं. बाप बादलीत पाणी घेऊन निघाला होता की राकेल, हे त्यानं सहा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. ज्याला विचारायचं ते माणूस त्याला मेलेला समजत होतं. आज मात्र व्यंकटी ओट्यावरून उठताना त्यानं विचारलं. एकदम, जसं एस्टीचं विचारावं तसं. "व्यंकटी, त्या रातीला तू व्हतास ना वळणावर? बाबाच्या बादलीत काय होतं?" व्यंकटीनं पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ बघितलं. "बादलीत? काई नव्हतं. रिकामी व्हती." "रिकामी?" "म्या हात लावून बघितलं की. म्हनलं, किशनराव, काय आनायलाव? काई बोल्ले न्हाईत. पानी आनायला निगाले का राकेल आनायला, का निस्ती हातात आली म्हनून घिऊन आले, ते त्यान्लाच ठावं." आणि चपला वाजवत गेला. तर सहा वर्षं वैजीनाथ एक दिवस पाण्याची आणि एक दिवस राकेलची बादली डोक्यावर घेऊन फिरत होता, आणि ती रिकामीच निघाली. रिकाम्या बादलीसाठी एक माणूस कोठडीत गेला आणि एक माणूस मेला. हे हसण्यासारखं आहे, असं त्यानं मनात नोंदवलं. हसू आलं नाही. वाळकाच्या फोडी मात्र आता फार बारीक व्हायला लागल्या होत्या.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं कुसुमला सांगितली नव्हती. बौद्धवाड्यातला लिंबाजी शाळेत त्याच्या बाकावर बसायचा. त्याचं छप्पर पहिलं गेलं होतं. दोन वर्षांमागं परभणीच्या स्टँडवर भेटला, आता औरंगाबादला नोकरीला, पॅन्टला इस्त्री. वैजीनाथला वाटलं, हा तरी आपल्याला जिवंत समजत असेल. चहा घेतला. लिंबाजी म्हणाला, "तुज्या बापानं तुजं दहावं घातलं म्हनं." वैजीनाथ म्हणाला, "घातलं. कुत्र्यानं खाल्लं." लिंबाजी हसला, मनापासून हसला. मग बशीतला चहा संपवून म्हणाला, "तू साक्ष दिली ते बरं केलं. वाड्यात सगळे म्हनतेत. पर माजी माय एक इचारती राव. म्हनती, ते पोरगं माळवदावर व्हतं ना? तितून सगळं दिसायलं व्हतं ना? मंग ते आदी का वरडलं न्हाई? आमी निस्तं म्हातारीला उचलून भाईर पळालो असतो, शेळ्या सोडल्या असत्या." हे त्यानं भांडण्यासाठी विचारलं नव्हतं. आईनं विचारलेलं पोचवत होता. वैजीनाथ म्हणाला, "बरं." लिंबाजीची गाडी लागली. चहाचे पैसे लिंबाजीनंच दिले.

"मिरची," कुसुम म्हणाली. त्यानं हिरव्या मिरच्या चिरल्या, मीठ टाकलं, लिंबू पिळलं, मूठभर शेंगदाण्याचं कूट टाकलं. दही होतं, आणि त्याचं विरजण, म्हणाल तर, सरजाबाईनंच दिलेलं. वाटीभर दही वर ओतून त्यानं हातानं कालवलं, तसे कोंबडीचे धागे, वाळूक आणि कांदा एकात एक गेले, आणि कोणतं काय ते ओळखू येईनासं झालं. वरून कोथिंबीर. कुणीही बघितलं असतं तरी म्हणालं असतं, वाळकाची कोशिंबीर. हाडं कुसुमनं कागदात बांधून पेटीखाली सारली. "दिसायला बरी झाली," ती म्हणाली. बोट बुडवून चाटलं, विचार केला. "अहो, बरी झालीय की!" आणि लगेच तोंड सुतकासारखं केलं. दोन ताटल्या मांडल्या. सकाळचा गार भात होता. ती म्हणाली, "उद्या जायलाव का?" वैजीनाथ म्हणाला, "बोलावलं कुठंय?" "कळवलं तर हाय की." "कळवणं म्हणजे बोलावणं नाही." "मंग काय अस्तं?" तेवढ्यात दार लोटलं गेलं.

सरजाबाई दार वाजवत नसे. घर तिचं होतं. हातात परात, परातीवर फडकं. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, जसा दुखवट्याच्या घरी जाताना ओढतात. "उटू नगा," ती म्हणाली. "विस्तू पेटवला न्हाई ना? शानी हाय पोरगी. माणूस मेलेल्या घरात शेजाऱ्यानंच भाकर न्यायची अस्ती." फडकं काढलं. भाकरी, पिठलं, आणि एका बाजूला कडुनिंबाची कोवळी डहाळी. ती वैजीनाथच्या समोर फतकल मारून बसली, दम घेतला आणि पदर डोळ्यांना लावला. ती किशनरावांना ओळखत नव्हती, पण मेलेल्या माणसासाठी रडायला ओळख लागत नाही. त्याच्या बापासाठी आज पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यासमोर रडत होतं आणि त्यानं कोंबडीनं बरबटलेला हात मांडीमागं लपवला होता. "दुपारपासून पोटात काई न्हाई माज्या, पिंगळीची गाडी मेली दोन घंटे उशीर," सरजाबाई नाक पुसत म्हणाली. "तुमी खाल्ल्यावर म्याबी हितंच खाती. दुखवट्याच्या माणसाला एकलं जेवू देऊ न्हाई." तिची नजर पातेल्यावर गेली. "वाळकाची कोशिंबीर केलीस व्हय ग? बिनफोडनीची? बरं केलंस. कोरड्या भाकरीला व्हती तेवढीच." आणि कुसुम हात पुढं करायच्या आत तिनं पातेलं ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि त्यात बुडवला.

कुसुमनं वैजीनाथकडं बघितलं. त्या बघण्यात ठरून गेलेलं होतं: गप्प राहा. म्हातारीला कळणार नाही. दह्यात काय कळतं? कांद्याचा वास आहे, मिरचीचा झटका आहे. एक घास पोटात जाईल, देवाला कळेल, देव घरभाडं मागत नाही. आणि सांगितलं तर भांडी गल्लीत, आणि त्याहून वाईट, बापाच्या सुतकात कोंबडी चिरत बसलेला म्हणून उद्या पिंगळीपासून पाथरीपर्यंत नाव. हे सगळं वैजीनाथलाही दिसत होतं, अगदी स्वच्छ, वरून बघितल्यासारखं. सरजाबाईचा हात उचलला गेला. भाकरीच्या तुकड्यावर दही, दह्यात एक पिवळसर धागा लोंबत होता. तोंड उघडलं.

"त्यात कोंबडी हाय," वैजीनाथ म्हणाला.

आवाज त्याला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. सरजाबाईचा हात हवेतच राहिला. कुसुमनं डोळे मिटून घेतले. सरजाबाईनं तो घास चेहऱ्यापासून लांब धरून बघितला, वळवून बघितला, मग परातीच्या कडेला हळूच ठेवला, एखादा किडा ठेवावा तसा. गळ्यातली माळ चाचपली. "सांगितलं नस्तंस," ती शेवटी म्हणाली, "तर मला कळलंबी नस्तं." "व्हय." "मी खाल्लंबी असतं." "व्हय." "मंग सांगितलंस कशाला?" वैजीनाथनं विचार केला. हे त्याला सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी विचारलं ते, तू असं कसं केलंस. नाहीतर, आधी का नाही केलंस. कशाला, असं साधं कुणी विचारलं नव्हतं. "तुमी खाल्लं असतं म्हणून," तो म्हणाला. आणखी काही जोडावंसं वाटलं, पण एवढंच होतं.

सरजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. आता परात उचलून जाईल, असं कुसुमला वाटलं. ती फळीवरची भांडी मनात मोजायला लागली होती. सरजाबाई मोरीपाशी गेली, तांब्यानं हातावर पाणी घेतलं, राखेनं हात घासले, पुन्हा पाणी घेतलं, चूळ भरली. मग परत येऊन होती तिथंच बसली. "ते पातेलं भाईर ठेव ग. भांड्याचं म्या मागून बोलती तुज्याशी, सोडायची न्हाई." कुसुमनं पातेलं उचललं तसं ते दाराच्या कडीला लागून वाजलं. सरजाबाई वैजीनाथकडं वळली. "उद्या सावडायचं अस्तंय." "मला बोलावलं नाही. भाऊ म्हणतो, मेलेल्याला कशाला कळवायचं." "राखला बोलावनं लागतंय का? लगीन हाय व्हय?" "तो मला तिथून उठवील." "उठवू दे. दुसऱ्यांदा बसायचं." "पुन्हा उठवलं तर?" "तर तिथंच दम धरून उभा ऱ्हायचं. बाप तुजा हाय का त्याच्या एकट्याचा?" ती हे भाजीच्या भावाबद्दल बोलावं तसं बोलत होती, आणि बोलता बोलता तिनं भाकरीचा कोरा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, त्यात कडुनिंबाची दोन पानं दाबून बसवली. "हा कडू घास. आदी पोरानं खायचा अस्तो, मंग बाकीच्यांनी. हात धुवून ये."

तो हात धुवून आला. हळद नखांत राहिली होती. तिनं घास त्याच्या हातात दिला नाही, सरळ तोंडाशी आणला, आणि त्यानं तोंड उघडलं. पाला कडू होता; कडू म्हणजे किती, हे तो विसरून गेला होता, आधी जिभेच्या मागं, मग टाळूला, मग कानापर्यंत. चावता चावता त्याला किशनरावांचं तोंड आठवलं, चावडीपुढं तो 'माझे वडील होते तिथं' म्हणाला तेव्हाचं. रागाचं नव्हतं ते. इतकी वर्षं त्यानं ते रागाचं समजून ठेवलं होतं. त्या तोंडावर, बादली हातात असताना पुढं जावं की मागं यावं हे न कळलेल्या माणसाची नुसती दमणूक होती. घास तोंडात फिरत राहिला, खाली जाईना. कुसुम दारातून बघत होती. सरजाबाईही बघत होती, पोराला औषध पाजल्यावर बाया बघतात तशी.

"गिळला का?"

त्यानं मान डोलावली.

"दाव."

वैजीनाथनं आ केला, आणि सरजाबाईनं वाकून, दिव्याच्या उजेडाकडं त्याची हनुवटी वळवून, आत नीट बघितलं.